खणातली नक्कल

मी एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये शिपाई होतो. त्यातली पहिली पंचवीस वर्षं मला एक अक्षरही वाचता येत नव्हतं. कचेरीचं नाव लिहीत नाही. आपल्या जालना जिल्ह्यातलीच होती, एवढं पुरे.

वाचता येत नव्हतं तर गठ्ठे कसे काढायचात, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. मला जागा पाठ होत्या. कारकुनानं गावाचं नाव घेतलं की माझे पाय आपोआप चालायचे. वरून तिसरी फळी, खिडकीकडून पाचवा गठ्ठा, फडक्याची गाठ डावीकडं. पण १९८१ साली औरंगाबादमधून फुटून जालना वेगळा जिल्हा झाला, तेव्हा सगळे गठ्ठे खाली काढले, ट्रकमधून आलेल्या गठ्ठ्यांत मिसळले, नव्या नंबरांनी लावले आणि दोन दिवसांत माझी सगळी विद्या गेली. महिनाभर मी फळ्यांपुढं नुसता उभा राहायचो. तेव्हा लतीफभाई मागून येऊन हळूच सांगायचे, "दुसरी ओळ, चौथा." त्यांनी सांभाळून घेतलं नसतं तर माझी नोकरी राहिली नसती.

लतीफभाई नक्कल कारकून होते. कोणाला जमिनीचा किंवा निकालाचा कागद पाहिजे असला की तो अर्ज करायचा. अर्ज लतीफभाईंकडं यायचा. ते फेरिस्त, म्हणजे कोणता कागद कुठं आहे त्याची वही, बघायचे आणि मला जागा सांगायचे. मी गठ्ठा आणायचा, त्यांनी कागद उतरवून काढायचा, मी गठ्ठा परत ठेवायचा. मूळ कागद त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर कधी गेला नाही. बाहेर जायची ती नक्कल. निजामाच्या काळातले उर्दू कागदही लतीफभाई सहज वाचायचे. मी त्यांच्या बोटांकडं बघत बसायचो.

मला अक्षरं शिकवली माझ्या सुनेनं. साक्षरतेची मोहीम निघाली तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. रात्रीच्या वर्गाला जायची लाज वाटायची, कारण तिथं शिकवणारे मला कचेरीतला माणूस म्हणून ओळखत. उषाबाई बारावी पास होती. पण ती सासऱ्यासमोर बोलायची नाही, डोक्यावरचा पदर सरकू द्यायची नाही. मंग माझी बायको तुळजाबाई हिनं तोड काढली. उषाबाई स्वयंपाकघरातून पाटीवर अक्षर काढून उंबऱ्यावरून इकडं सरकवायची. मी खाली गिरवून पाटी तिकडं सरकवायचो. बरोबर असलं तर पाटी पुसून नवं अक्षर यायचं. चुकलं तर तेच परत यायचं. सात महिने आमची अशी शिकवणी चालली, आणि त्यात आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. तुळजाबाई म्हणायची, "दोघं भांडून बसलेत का शिकून राह्यलेत, कळंना मला."

मी १९९८ साली निवृत्त झालो. अंबडला आमचं दोन खोल्यांचं घर आहे, बसस्टँडपासून दहा मिनिटांवर. लतीफभाई माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झाले होते. त्यांचा मुलगा महेमूद बसस्टँडसमोर एसटीडी फोनचं दुकान चालवायचा. २००१ साली त्यानं काचेच्या केबिनशेजारी दोन कॉम्प्युटर मांडले आणि पाटीवर 'इंटरनेट' असं लिहून घेतलं. लतीफभाई दुपारचे तिथं बाकावर बसायचे. मीही जाऊन बसू लागलो.

पहिले काही दिवस मी नुसता बघायचो. मंग एक दिवस विचारलं, "महेमूद, हे पान ह्या पेटीतच असतं का?"

"न्हाई काका. पान लांब कुठंतरी दुसऱ्या मशीनवर असतं. त्या मशीनला सर्व्हर म्हणतात. आपल्या पेटीत ब्राउझर नावाचा एक प्रोग्राम हाय. आपण पानाचं नाव लिहिलं की ब्राउझर फोनच्या तारंवरून तिकडं मागणी धाडतो. तिकडून पान येतं."

"पान इकडं आलं म्हणजे तिकडची जागा रिकामी पडत असंल."

"न्हाई न्हाई. तिकडचं तिकडंच राहतं. इकडं नक्कल येते."

बाकावर पाय वर घेऊन बसलेल्या लतीफभाईंनी पाय खाली सोडले. "काय म्हणाला? नक्कल?"

"हो अब्बा. कॉपी."

"म्हणजे तो ब्राउझर अर्जदार हाय," लतीफभाई म्हणाले, "आणि सर्व्हर म्हणजे मी."

"आणि तार म्हणजे मी का?" मी म्हणालो.

"तू कसला तार? तू चहाला गेलास की तासभर गायब. तारेला चहा लागत न्हाई."

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी महेमूदला सोडलं नाही. गिऱ्हाईक नसलं की आमचं सुरू. सर्व्हर कुठं आहे हे ब्राउझरला कसं कळतं? महेमूद म्हणाला, त्याचीही एक वेगळी मशीन असते. तिच्याकडं नावापुढं नंबर लिहिलेले असतात. ब्राउझर आधी तिला विचारतो, अमुक नावाचा सर्व्हर कोणत्या नंबरावर? नंबर मिळाला की मंग तिकडं जातो. "फेरिस्त!" आम्ही दोघं एकदमच बोललो. महेमूदला तो शब्द माहीत नव्हता. आम्हाला फार बरं वाटलं.

मागितलेलं पान तिथं नसलंच तर? तर सर्व्हर तसं लेखी कळवतो, की तुम्ही मागता ते इथं सापडत नाही. लतीफभाईंना हे सगळ्यात आवडलं. आमच्याकडं कागद सापडला नाही तर सरळ 'सापडत नाही' असं लिहून द्यायची कोणाची छाती नव्हती. 'शोध चालू आहे, आठ दिवसांनी या' असंच सांगायचं. एकेक माणूस त्या आठ दिवसांवर वर्ष वर्ष हेलपाटे घालायचा.

चित्रं मागाहून का येतात, हेही मी विचारलं. महेमूद म्हणाला, पहिल्या मागणीला फक्त लिहिलेलं पान येतं. त्या पानात जागोजाग नोंद असते, इथं अमुक चित्र लावा. ब्राउझर पान वाचत जातो आणि प्रत्येक चित्रासाठी वेगळी मागणी धाडतो. तिकडून एकेक चित्र आलं की ज्या त्या जागी बसवतो.

"एका पानात वीस चित्रं असली तर वीस अर्ज?" लतीफभाईंनी विचारलं.

"बराबर."

"आणि तो सर्व्हर चिडत न्हाई?"

"न्हाई."

"फी?"

"न्हाई."

"तिकीट लावायचं न्हाई, साहेबाची सही न्हाई, उद्या या न्हाई?"

"अब्बा, एका वेळी शंभर जणांनी मागितलं तरी शंभर जणांना देतो. रात्री दोनला मागा, तरी देतो."

लतीफभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मंग माझ्याकडं बघून म्हणाले, "रखमाजी, आपण दोघं मिळून दिवसाला अकरा नकला काढायचो आणि पाठ दुखली म्हणायचो."

मला त्या यंत्राबद्दल जो आदर वाटतो तो तेव्हापासूनचा आहे. लोकांना त्यातली सिनेमाची चित्रं दिसायची. मला तिकडं कुठंतरी बसलेला तो न दिसणारा कारकून दिसायचा. त्यानं कोणाची जात विचारली नाही, कोणाच्या अंगावरचे कपडे बघितले नाहीत, कोणाला बाकावर ताटकळत ठेवलं नाही. नीट अर्ज केला की कागद पुढं. आणि इकडं तो अर्ज बिनचूक लिहिणारा ब्राउझर. दोघांनी एकमेकांना कधी बघितलेलं नाही, पण अर्ज कसा लिहायचा आणि उत्तर कसं द्यायचं याचे नियम दोघांनाही सारखे ठाऊक. माणसांनी बसून हे ठरवलं, हे मला फार मोठं वाटतं.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. २००२ सालचा ऑगस्ट, शुक्रवार.

उषाबाई तेव्हा चौतीस वर्षांची होती. दोन मुली, एक दहा वर्षांची, एक आठ. नवरा धर्मराज, माझा मुलगा, जालन्याला सळईच्या कारखान्यात होता आणि रविवारी घरी यायचा. उषाबाई तीन वर्षं आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या हाताखाली पडेल ते काम करायची. त्या बाईंनीच तिच्या मनात घातलं, की तू रीतसर नर्सिंग शिक. औरंगाबादच्या एका संस्थेत तीन वर्षांचं शिक्षण होतं. आधी दोनदा तिनं अर्ज केला होता, दोन्ही वेळा नंबर लागला नव्हता. वयाची अट पस्तीसची होती आणि फेब्रुवारीत तिला पस्तीस पूर्ण होणार होती. म्हणजे हा अर्ज शेवटचा. पुढच्या वर्षी कितीही मार्क असले तरी तिचा कागद कोणी हातात घेतला नसता.

निवड यादी त्या शुक्रवारी संस्थेच्या फळ्यावर आणि इंटरनेटवर लागणार होती. उषाबाईचा अर्ज क्रमांक ११८६. दुपारी दोनच्या सुमाराला ती महेमूदच्या दुकानात आली. मी आणि लतीफभाई बाकावर होतो. आम्हाला बघून तिनं पदर पुढं ओढला आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

"यादीच ना वहिनी? बसा, आत्ता दाखवतो," महेमूद म्हणाला. खुर्ची पुढं सरकवून होईपर्यंत पान पडद्यावर आलंसुद्धा. वर संस्थेच्या इमारतीचा फोटो, खाली चाळीस नंबर. उषाबाईनं बोट लावून वाचलं. ११७९, ११८२, ११९१. मधलं काही नव्हतं. तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"न्हाई ना?" महेमूदनं हळू विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. चिठ्ठी उचलली, घडी केली, परत उलगडली आणि बाहेर जाऊन पायरीवर उभी राहिली. घरी जायला निघाली नाही. तिथूनच बसस्टँडकडं बघत राहिली. रडत नव्हती. मला वाटलं, हिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलावं. पण बारा वर्षांत आम्ही समोरासमोर बोललेलो नाही, तिथं काय बोलणार?

लतीफभाई म्हणाले, "संस्थेला फोन लाव, महेमूद. विचारून तर बघ."

"सकाळपासून लावून राह्यलो अब्बा. एकच फोन हाय त्यांचा, एंगेज."

मी पडद्याकडं बघत होतो. यादी वाचायला मी पुढं वाकलो होतो आणि काहीतरी खटकलं होतं. काय ते लगेच कळेना. मंग लक्ष त्या इमारतीच्या फोटोवर गेलं. आदल्या दिवशी उषाबाईसाठी हेच पान उघडून बघितलं होतं, तेव्हा तो फोटो यायला तीन मिनिटं लागली होती. पडदा वरून खाली सोडावा तसा सावकाश आला होता, आधी छप्पर, मंग खिडक्या, मंग दार. आज फोटो, यादी, सगळं एका दमात.

"महेमूद," मी म्हणालो, "हे एवढ्या जल्दी कसं आलं?"

"तयारच ठेवलंय काका. सकाळी साडेआठला आणलं आणि लाइन बंद केली. आज दिवसभर बायका येऊन राह्यल्यात यादी बघायला. प्रत्येकीसाठी फोन लावून बसलो तर संध्याकाळ व्हायची. ब्राउझर एकदा आणलेलं पान आपल्याजवळ ठेवून घेतो, तेच दाखवतो मी."

मी लतीफभाईंकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"लतीफभाई," मी म्हणालो, "ही खणातली नक्कल हाय."

ह्याचा अर्थ आम्हा दोघांनाच माहीत होता, म्हणून सांगतो. १९७६ च्या आसपास एका जमिनीच्या वादाचे कागद सारखे मागितले जायचे. लतीफभाई मनानं चांगले. लोकांना ताटकळावं लागू नये म्हणून ते अशा कागदांच्या दोन-चार नकला आधीच उतरवून टेबलाच्या खणात ठेवायचे. माणूस आला की खण उघडायचा, वर तारीख घालायची, द्यायची. लोक दुवा द्यायचे. घनसावंगीकडचे भिवा म्हणून एक म्हातारे होते. त्यांनी अशीच खणातली नक्कल नेली आणि कोर्टात दाखल केली. मधल्या आठ दिवसांत मूळ कागदावर दुरुस्तीची नोंद झाली होती, ती ह्या नकलेत नव्हती. समोरच्या वकिलानं दुरुस्तीचा कागद काढून दाखवला आणि भिवा खोटे पडले. भर कोर्टात. लतीफभाईंना मेमो मिळाला. मेमोचं त्यांना काही वाटलं नाही. भिवा परत आले, शिव्याही दिल्या नाहीत, नुसते समोर बसून राहिले, ते लागलं. त्यानंतर लतीफभाईंनी खणात कधी नक्कल ठेवली नाही.

"लाइन लाव," लतीफभाई मुलाला म्हणाले.

"अब्बा, आजचंच पान हाय. पाच-सहा तासांत काय बदलणार?"

"बदलतं."

"पण वहिनीचा नंबर लागायचा असता तर सकाळीच..."

"महेमूद! लाइन लाव म्हणलं ना."

महेमूदनं फोन जोडला. कॉम्प्युटरला फोनची लाइन जोडणारी ती छोटी पेटी, मोडेम, पहिल्यांदा किंचाळली आणि गप्प झाली. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा तिचे दिवे लुकलुकायला लागले. महेमूदनं पानाचं नाव लिहिलं, बटण दाबलं आणि पान क्षणात आलं. चाळीस नंबर. ११७९, ११८२, ११९१.

"बघा. तेच हाय," तो म्हणाला. त्याला आमची दया आल्यासारखं दिसलं.

मी तोंड उघडणार, त्याआधी लतीफभाई उठून काउंटरजवळ आले. "हे तिकडून आलं?"

"हो. आता लाइन चालू हाय ना."

"मंग फोटो सावकाश का न्हाई आला?"

महेमूदनं बटणावरचा हात मागं घेतला.

"तुझा ब्राउझर तिकडं गेलाच न्हाई," लतीफभाई म्हणाले. "खण उघडला त्यानं. मी उघडायचो तसा. त्याला सांग, खणातलं नको, मूळ बघून ये."

महेमूदनं खुर्ची पुढं ओढली. मंग स्वतःशीच म्हणाला, "रिफ्रेश." आणि एक बटण दाबलं.

पान गेलं. पडदा पांढरा झाला. खाली कोपऱ्यात एक छोटी पट्टी हळूहळू भरायला लागली. मला त्या पांढऱ्या पडद्याचा इतका विश्वास वाटला म्हणून सांगू. आता खरोखर कोणीतरी उठलं होतं, अर्ज घेऊन निघालं होतं, फेरिस्त बघत होतं, फळीपाशी पोचत होतं. एकतीस वर्षं मी ते अंतर पायांनी चाललो आहे. औरंगाबाद का मुंबई, कुठं असेल तो सर्व्हर, देव जाणे. पण तो अर्ज तिथवर जात होता, आणि अंबडच्या एका सुनेचा आहे म्हणून कोणी तो बाजूला ठेवणार नव्हतं.

पहिल्यांदा मजकूर आला. नंबरांची पहिली ओळ, दुसरी ओळ. फोटोची जागा रिकामीच, नुसती चौकट. चाळीस नंबर संपले. त्याच्या खाली पान पुढं सरकत गेलं. एक जाड ओळ होती इंग्रजीत. महेमूदनं वाचली, "रिकाम्या राहिलेल्या राखीव जागांवर निवड." खाली सहा नंबर. आकडे मला येतात. तिसरा नंबर मी वाचला, मंग एकेक आकडा करून परत वाचला, एक, एक, आठ, सहा.

मी दारात गेलो. बारा वर्षं घरात तिला हाक मारायची वेळ आली की मी तुळजाबाईला हाक मारायचो. तिथं तुळजाबाई नव्हती.

"उषाबाई," मी म्हणालो. "आत या. तुमचा नंबर हाय."

ती वळली. पदर खांद्यावर घसरला होता, तिच्या ध्यानातच आलं नाही. आत येऊन पडद्यावर बोट ठेवलं आणि बोट काढेना. महेमूदनं खालची सूचना मराठीत सांगितली: शनिवारी सकाळी अकराच्या आत मूळ कागद घेऊन हजर राहायचं, नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला.

"भाऊ," ती महेमूदला म्हणाली, "परत एकदा आणा."

"वहिनी, आत्ताच तर..."

"मघाशी न्हवतं, आता हाय. परत आणा."

त्यानं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला. आम्ही चौघं पडद्यापुढं उभे. ओळी आल्या, सहा नंबर आले, तिसरा तोच. तिनं तिसऱ्यांदा आणायला लावलं. तिसऱ्यांदाही सर्व्हरनं न कुरकुरता तेच उत्तर पाठवलं. मंग ती खुर्चीवर बसली, आणि आमच्यादेखत बसलीय हे कळल्यावर लगेच उठली.

"बसा बसा," लतीफभाई म्हणाले. "तीन वर्षांनी आम्हाला सुई टोचणार तुम्ही. तेव्हा हळू टोचा म्हणजे झालं."

ती हसली. मंग माझ्याकडं बघून, सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "मामंजी, तीन वर्षं लागतील. पोरी?"

"पोरी आमच्या हायेत. तुळजाबाई हाय, मी हाय. अभ्यास मी घेईन."

"तुम्ही घेणार?"

"चौथीपर्यंत घेईन. पुढचं तुम्ही येऊन बघा."

महेमूदनं कारखान्यात फोन लावून धर्मराजला फोनवर बोलावून घेतलं. ठरलं असं, की उषाबाईनं चारच्या गाडीनं जालन्याला जायचं, धर्मराजनं स्टँडवर यायचं आणि रात्रीतच दोघांनी औरंगाबाद गाठायचं. ट्रंकेतले दाखले काढायला ती घराकडं निघाली. अर्धं अंतर चालत गेली आणि उरलेलं पळत, हे मला पायरीवरून दिसलं. बाजारातली माणसं बघत होती.

मी आत आलो तर महेमूद कपाळाला हात लावून बसला होता. काउंटरवर गिऱ्हाइकांची नावं लिहायची वही उघडी होती.

"काका, सकाळपासून अकरा जणींना मी तीच यादी दाखवली. अकराही जणी न्हाई म्हणून निघून गेल्या."

वहीत त्यानं नावापुढं अर्जाचा नंबर लिहून ठेवला होता. ते एक बरं केलं होतं. नवी यादी आणि वही आम्ही शेजारी ठेवली. सहापैकी एक नंबर उषाबाईचा. आणखी एक वहीत सापडला. नंदाबाई, घनसावंगी. सकाळी दहाला येऊन गेली होती. गावात कोणाकडं फोन आहे ते वहीत नव्हतं.

"जीपनं गेली ती," महेमूद म्हणाला. "बापासंगं आल्ती. बाप म्हणत होता, झालं आता, लग्नाचं बघू."

"गाडी काढ," लतीफभाई म्हणाले.

"अब्बा, तुम्ही कुठं निघाला? कंबर दुखतीय तुमची."

"तू काय सांगणार तिच्या बापाला? मघाशी न्हवतं, आता हाय? तुझ्यावर कोण विश्वास ठेवील? पांढरी दाढी संगं पाहिजे."

महेमूदनं मोटरसायकल काढली. लतीफभाई मागं बसले, टोपी खिशात घातली आणि मुलाच्या खांद्याला दोन्ही हातांनी धरलं. जाता जाता महेमूद ओरडला, "काका, दुकान बघा. लाइन चालूच ठेवलीय. कोणी आलं तर ते बटण दाबायचं, दाखवलं ना, तेच."

ते गेले. दुकानात मी एकटा. त्या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो. पडद्यावर यादी तशीच होती आणि फोटोही आता पूर्ण आला होता, छप्पर, खिडक्या, दार. मी हात मांडीवरच ठेवले होते.

थोड्या वेळानं चाळिशीच्या आसपासची एक बाई आली. हातात पिशवी, चपला धुळीनं भरलेल्या. मला बघून दारातच थांबली.

"कोण न्हाई का? आमच्या शेजारच्या गिरिजाबाईनं पाठवलं. पोरीचा नंबर बघायचा व्हता नर्सच्या यादीत."

"या. मी हाय. नंबर सांगा."

तिनं सांगितला. पडद्यावर यादी समोरच होती. वाचून दाखवायला काही अडचण नव्हती. पण ती यादी अर्ध्या तासापूर्वीची होती. मी बोट पुढं नेलं, महेमूदनं दाखवलेलं बटण शोधलं आणि दाबलं. पडदा पांढरा झाला.

ती बाई घाबरली. "गेलं का हो मामा? बिघडलं?"

"न्हाई," मी म्हणालो. "बसा. आपला अर्ज तिकडं गेलाय. नक्कल येऊन राह्यलीय."